दोन यमुना, एक राणी आणि बाया: वर्षभराच्या वाचनातली पाच पुस्तकं



वर्ष संपत आलं की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "यंदा काय वाचलंत? काही चांगलं सुचवा." सुचवायला हरकत काहीच नाही. पण नुसती नावं सांगून काय होतं? ऐकणारा वहीत टिपून घेतो आणि वही कपाटात जाते. म्हणून आज पाच पुस्तकांची यादी तर देऊच, पण एका पुस्तकाने आम्हाला दुसऱ्याकडे कसं नेलं तेही सांगू. दोन कादंबऱ्या आहेत, तीन "खरी" पुस्तकं आहेत. खरी हा शब्द अवतरणात आहे हे ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

आम्ही म्हणजे सात-आठ निवृत्त मंडळींचा एक वाचनगट. त्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, एक निवृत्त न्यायाधीश आहेत, दोन शाळामास्तर आहेत, आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेले आम्ही. यंदा विषय ठरवून सुरुवात केली नव्हती. पहिलं पुस्तक काढलं ते १८५७बद्दल वाचायचं म्हणून.

ते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकरांचा 'माझा प्रवास'. पुष्कळांनी नाव ऐकलेलं असतं, वाचलेलं नसतं. विष्णुभट हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं आणि काकांना बरोबर घेऊन हे गृहस्थ १८५७ साली उत्तरेकडे निघाले. वेळ बघा कशी साधली! महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली आणि पुढची दोन-अडीच वर्षं हे त्या धुमाळीत फिरत राहिले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. शहर पडल्यावर इंग्रजी फौजेने केलेली कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेलं द्रव्य गेलं. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं साधारण पंचवीस वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. तेव्हा वाचणार असाल तर पोतदारांचा पाठ वाचा. विष्णुभटांची स्वतःची मराठी ऐकायची असेल तर दुसरा मार्ग नाही.

आता या पुस्तकात एक जागा अशी आहे की आमचा गट तिथे अडला. विष्णुभट झाशीच्या राणीची दिनचर्या सांगतात. तालीम, घोडा, स्नान, पूजा. आणि त्यात सहज सांगून जातात की बाईंनी केशवपन केलेलं नव्हतं, म्हणून त्याबद्दलचं प्रायश्चित्त त्या रोज घेत असत. गंगाधरराव वारले नोव्हेंबर १८५३ मध्ये. म्हणजे राणी विधवा. राज्य चालवते, तोफांची व्यवस्था बघते, आणि दररोज सकाळी, डोक्यावर केस आहेत एवढ्या अपराधाची भरपाई करते. विष्णुभटांना यात वावगं काही दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने हा बाईंच्या धर्मनिष्ठेचा दाखला आहे. डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "जिला प्रायश्चित्त चुकलं नाही ती राणी. मग वरसईतल्या विधवेचं काय?" झालं, वर्षाचा विषय तिथे ठरला.

तर दुसरं पुस्तक. योगायोग असा की तेही १८५७चंच. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी हे नाव पाठ केलेलं आहे. वाचलं किती जणांनी, हे मात्र विचारू नये. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१चा. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि तीन वर्षांनी हे पुस्तक आलं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि गावोगाव त्यांना विधवा भेटतात. प्रत्येकीची हकिकत वेगळी आणि प्रत्येकीचा शेवट जवळपास सारखाच. पुढे यमुनेवरच तो प्रसंग येतो. ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

साहित्य म्हणून बघितलं तर हे पुस्तक ओबडधोबड आहे. मधे मधे उपदेश येतो, आणि तो कुठल्या दिशेने चाललाय हे दुसऱ्याच पानावर कळतं. तरीही आम्ही ते सुचवतो. का? कादंबरी नावाची वस्तू मराठीत आली ती करमणुकीसाठी आली नाही, विधवेची स्थिती सांगण्यासाठी आली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झालेला होता. आमच्या न्यायाधीशमहाराजांनी इथे एक मुद्दा लक्षात आणून दिला. त्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर ठरला, पण पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. आता ही गोष्ट कादंबरीत शोधून मिळणार नाही, ती कायद्याच्या कलमात आहे. आणि कलमात यमुना नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर चित्र पुरं होतं.

तिसरं पुस्तक सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत तिखट. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. निमित्त काय झालं? १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे हद्दपारीवर आली. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा उसळली आणि चर्चेचा सूर असा की बायका बिघडल्या. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी हे वाचलं आणि उत्तर लिहिलं. विचारलं काय, तर जे जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? आणि त्या एकेक दुर्गुण घेऊन तुलना करत जातात. भाषा घरातली, स्वयंपाकघरातली. वाद घालायचा तर तो संस्कृतप्रचुर भाषेतच घातला पाहिजे, हा समज त्यांनी निकालात काढला.

हे पुस्तक त्या काळात सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना रुचलं नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. ते साहजिकच होतं. १८६३ सालीच त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विजयालक्ष्मीसारख्या बाईला गुपचूप बाळंत होता यावं, मूल वाचावं, एवढ्यासाठी. नंतर ताराबाईंचं पुस्तक विस्मरणात गेलं ते गेलंच. १९७५ साली स. गं. मालशांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे त्र्याण्णव वर्षं! एका पुस्तकाला आणखी काय शिक्षा व्हायची राहिली? आम्ही ते दोन संध्याकाळी मोठ्याने वाचलं. तुम्हीही मोठ्यानेच वाचा. मनात वाचलं तर त्यातला निम्मा राग निसटतो.

चौथं पुस्तक, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. हिची नायिका पुन्हा यमुनाच, घरातली यमू. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुस्तक झालं १८९३ साली. यमूने स्वतःच लिहिलेली आपली हकिकत, असा तिचा थाट. बालपण, भाऊ, मैत्रीण दुर्गी, लग्न, शिकवणारा समजूतदार नवरा, मुंबईचा छोटासा सुखाचा संसार. मग नवरा जातो. सासरघरची वडीलधारी मंडळी तिला गाठतात आणि जे व्हायचं ते होतं.

हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. एका तरुण पुरुषाने बाईच्या तोंडून सव्वीस-सत्तावीस वर्षं मागचं-पुढचं सगळं बोलायचं, आणि वाचणाऱ्याला ते खरं वाटायचं, ही सोपी गोष्ट नाही. आमच्यातल्या एका मास्तरांचा आक्षेप होता की पुस्तक फार लांबण लावतं. घरातली भांडणं, सणवार, माहेरी जाणं-येणं, किती पानं! त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते आम्हाला पटलं. ती लांबण आहे म्हणूनच शेवट सोसवत नाही. चारशे पानं ज्या मुलीबरोबर तुम्ही राहिलात, तिच्या डोक्याला वस्तरा लागतो. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी हे करू शकत नाही.

आणि बाहेर काय चाललं होतं? ज्या १८९० साली यमूची हकिकत छापायला लागली, त्याच साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हावी मंडळींना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार करवला. हा संपच होता. पैशासाठी नव्हे, काम न करण्यासाठी केलेला. जगात असे संप किती झाले असतील? आमच्या पाच पुस्तकांत न्हाव्याच्या तोंडून एकही शब्द नाही, ही उणीव आम्हाला वर्षभर बोचत राहिली. वस्तरा ज्याच्या हातात त्याला काय वाटत होतं?

आता थोडं आमच्या विषयाकडे वळू द्या. घाबरू नका, वर्ग भरवत नाही.

गटात वाद झाला तो असा. एक जण म्हणाले, कादंबरी ती कादंबरी. यमू नावाची बाई झालीच नाही, तर तिचं केशवपन झालं हे विधान खरं कसं? इतिहास हवा असेल तर खरी पुस्तकं वाचा. प्रश्न रास्त आहे. त्याला आपल्याच न्यायशास्त्रात एक चांगलं हत्यार आहे. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण कुणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण? आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतो की ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! शब्दाचं वजन जातीवरून ठरत नाही, जाणण्यावरून आणि सांगण्याच्या इच्छेवरून ठरतं. या व्याख्येप्रमाणे वैधव्याच्या बाबतीत सगळ्यांत मोठी आप्त कोण? विधवा. शास्त्रार्थ मात्र शंकराचार्यांना विचारला, शास्त्र्यांना विचारला, पुढे सरकारने बड्या बड्या लोकांची मतं मागवली. तिला विचारायचं राहूनच गेलं.

आता ही कसोटी लावून आपली पुस्तकं बघा. विष्णुभटांनी राणीला पाहिलं होतं आणि सांगण्याची इच्छाही होती. पण प्रायश्चित्त त्यांनी पाहिलं ते बाहेरून, भिक्षुकाच्या नजरेने. प्रायश्चित्त घेणारीच्या मनात काय होतं, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पदमनजींना सांगायचं होतं, त्याबरोबर धर्मांतरही घडवायचं होतं. हरिभाऊंना प्रत्यक्ष अनुभव नव्हता, पण आसपासच्या घरांतून जे चाललं होतं त्यावर त्यांचे कान होते. ताराबाईंना ठाऊकही होतं आणि सांगायचंही होतं, पण त्यांनी वाद मांडला, स्वतःची कहाणी सांगितली नाही. म्हणून आम्ही पाचवं पुस्तक शोधत होतो. आप्ताचं.

ते मिळालं. आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण'. १९४४ साली प्रसिद्ध झालेलं. धोंडो केशव कर्वे आपल्या सगळ्यांना ठाऊक, भारतरत्न महर्षी. त्यांचं आत्मवृत्तही आहे. पण बाया कर्व्यांचं हे पुस्तक किती घरांत आहे? माहेरची गोदू, देवरुखकडची. लहानपणीच विधवा झालेली. भावाने मुंबईला आणली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढलं तेव्हा तिथली ही पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली तिचा आणि कर्व्यांचा विवाह झाला. साल लक्षात आलं? 'पण लक्षात कोण घेतो' ज्या साली पुस्तकरूपाने आलं तेच. कागदावर यमू मरते आणि पुण्यात गोदूची आनंदी होते.

पण म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. कर्वे नवपरिणीत पत्नीला घेऊन मुरुडला गेले तर गावाने बहिष्कार घातला, घरच्यांवरही दडपण आणलं. पुढे १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामं त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली. धोरण म्हणून ते शहाणपणाचं असेल. पण पुनर्विवाहित पत्नीच्या जागी बसून विचार करा. महर्षींच्या आत्मवृत्तात हे धोरण म्हणून दिसतं, बायांच्या पुराणात ते घर म्हणून दिसतं. सांगण्याची रीत अगदी साधी, माजघरात बसून बोलल्यासारखी. स्वतःच्या आयुष्याला "पुराण" म्हणणारी बाई स्वतःकडे किती मिस्किलपणे बघत असेल, ते नावातच कळतं.

आता वादाचा निकाल काय लागला? आमच्यापुरता असा लागला. बायांचं पुस्तक वाचल्यावर यमू खोटी ठरली नाही, उलट पक्की झाली. आणि यमूची सोबत केलेली असल्यामुळे बायांनी एका वाक्यात उरकलेल्या जागी आम्ही थांबायला शिकलो. आप्त माणूस सगळं सांगतंच असं नाही. काही गोष्टी इतक्या रोजच्या असतात की त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत, काही सांगवत नाहीत. तिथे कादंबरी कामाला येते. आणि कादंबरीकाराने रडवण्यासाठी हात सैल सोडला की त्याला आवरायला साक्षीचं पुस्तक लागतं. म्हणून आमची शिफारस अशी की ही पुस्तकं जोडीने वाचा. 'यमुनापर्यटन' आणि १८५६चा कायदा. 'पण लक्षात कोण घेतो' आणि 'माझे पुराण'. 'स्त्री-पुरुष तुलना' एकटीच वाचा, तिला जोडीदार लागत नाही.

एक सावधगिरीची सूचना. ही पाच पुस्तकं म्हणजे सगळ्या मराठी बायकांचा इतिहास नव्हे. महाराष्ट्रात कितीतरी जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मणांची आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्यांची गोष्ट. पण वरच्या पायरीवर जायचं म्हणून पुनर्विवाह बंद करणारी घराणी मराठ्यांतही होती, आणि ताराबाई त्यावरही बोट ठेवतात. प्रतिष्ठा वाढली की बाईची मोकळीक कमी होते, हे गणित जातीच्या शिडीवर सगळीकडे दिसतं.

"पण सर, हे सगळं जुनं झालं. आता कोण कुणाचं वपन करतं?" असं व्याख्यानानंतर कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव अभिनंदनीय आहे. पण ठराव करावा लागला याचा अर्थ काय? वस्तरा गेला, बांगड्या फोडणं राहिलं. ज्याच्या घरी गेल्या दहा वर्षांत असा प्रसंग झाला असेल त्याने आठवून बघावं, दहाव्या-बाराव्या दिवशी घरातल्या बाईला कुणी काही विचारलं होतं का. विचारलं नसेल तर ही पाच पुस्तकं जुनी झालेली नाहीत.

तेव्हा मंडळी, पाचांपैकी एकच वाचणार असाल तर 'माझे पुराण' वाचा. दोन वाचणार असाल तर त्याच्या आधी यमूची हकिकत वाचा. आणि घरात किंवा नात्यात ऐंशी-नव्वदीतली कुणी आजी, मावशी, आत्या असेल, तर तिला तिच्या आजीबद्दल विचारा. आलवण नेसलेली एखादी बाई तिने लहानपणी नक्की पाहिलेली असेल. जे सांगेल ते लिहून ठेवा, सन-संवत नसला तरी चालेल. आपल्या विषयात शेवटच्या आप्त त्या आहेत.

पुढच्या वर्षासाठी आम्हाला न्हावी मंडळींच्या आठवणी, त्यांच्या घरात जपलेले कागद, असं काही हवं आहे. कुणाकडे असेल तर जरूर कळवा.